जुन्या पेठेचा इतिहास दारोदारी: नोंद कशी करावी आणि कुठे चुकते

कोकणातल्या जुन्या पेठांवर आणि आळ्यांवर अलीकडे बरेच लिहिले जाते. वाचनालयाच्या स्मरणिकेत, ग्रामदेवतेच्या उत्सवाच्या अंकात, शाळेच्या प्रकल्पात. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण एक चूक जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसते: जागेचे वय, इमारतीचे वय आणि घराण्याचे वय ही तीन वये एकच धरली जातात. 'आमचे घराणे इथे दोनशे वर्षे आहे' हे खरे असेल. त्यावरून समोरची माडी दोनशे वर्षांची ठरत नाही.

रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेला ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा घ्या. राजा रत्नागिरीत आला १८८६ मध्ये, राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये. मधली वर्षे तो दुसरीकडे राहत होता. इथे कागद भरपूर आहेत म्हणून दोन्ही साले वेगळी राहिली. तुमच्या पेठेतल्या सावकाराच्या माडीबद्दल असे कुणी लिहून ठेवलेले नसते, म्हणून सगळे एका सालात गुंडाळले जाते. खालच्या पायऱ्या ही गुंडाळी सोडवण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक घोळ क्रम बदलल्यानेच होतात.

## तयारी

हद्द ठरवा. 'बाजारपेठ' ही हद्द होत नाही. 'धक्क्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत' ही हद्द होते. सुरुवातीला तीस-चाळीस दारांपेक्षा जास्त घेऊ नका. किनाऱ्यावरच्या जुन्या पेठा बहुधा खाडीच्या किंवा बंदराच्या धक्क्याकडून आत वाढलेल्या असतात, कारण माल गलबतातून उतरत असे. आजची वर्दळ एसटी स्टँडच्या बाजूला असली तरी मोजणी धक्क्याकडून सुरू करा. पेठेच्या वाढीची दिशा हाताशी राहते.

हंगाम दोन लागतात. इमारती पाहायला दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचे दिवस बरे. पावसाळ्यात अर्ध्या भिंती प्लास्टिकखाली झाकलेल्या असतात. पण दिवाळी ते शिमगा या दिवसांत निम्म्या घरांना कुलूप असते, कारण मालक मुंबईला. म्हणून माणसांना भेटण्याचे काम मे महिन्यासाठी आणि गणपतीसाठी राखून ठेवा. गणपतीतही पहिले दोन दिवस कुणाच्या दारात वही घेऊन जाऊ नका.

ओळखीचे पत्र. स्थानिक वाचनालयाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र घ्या: काय करतोय, कशासाठी, कागद परत मिळतील. हे टाळलेत तर तुम्ही बिल्डरचे माणूस ठरता. कोकणात एका घराच्या उताऱ्यावर दहा-पंधरा नावे असतात आणि त्यांतल्या दोघांचा दावा कोर्टात चालू असतो. अशा घरात पहिल्याच भेटीत 'जुने कागद दाखवता का?' विचारले की दार कायमचे बंद.

सामान. तीस मीटरची टेप, शिसपेन्सिल (दमट हवेत शाई फुटते), पाठकोऱ्या कागदांऐवजी बांधीव वही, टॉर्च आणि मोबाइल. एवढे पुरे.

## १. आधी आजची गल्ली उतरवा

जुने शोधायला निघालेला माणूस आजचे लिहायचे विसरतो. पहिला दिवस फक्त आज जे दिसते त्याचा.

धक्क्याकडे पाठ करून उभे राहा. डाव्या हाताच्या दारांना डा-१, डा-२, उजव्या हाताच्या दारांना उ-१, उ-२ असे क्रमांक द्या. मोबाइलचे दुकान, बँकेची शाखा, काँक्रीटची नवी इमारतसुद्धा सोडू नका. पडके जोते, मोकळा तुकडा, विहीर, पार, घाटीकडे चढणारी पाखाडी (पायऱ्यांची वाट), दर्गा, देऊळ यांनाही क्रमांक द्या. बऱ्याचदा रिकामा तुकडाच सर्वांत बोलका निघतो.

प्रत्येक दारासाठी एक पान. त्यावर फक्त पाच गोष्टी: दर्शनी रुंदी, मजले, छप्पर कशाचे, आत्ता काय चालते, पाटीवर काय लिहिले आहे. फोटो समोरून सरळ काढा आणि फाइलला दाराचा क्रमांक द्या.

सावध: एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही. डा-७ चे पुढे दोन गाळे निघाले तर डा-७अ आणि डा-७आ करा. क्रमांक सरकवलेत की फोटो, मुलाखती आणि उतारे यांचा मेळ तुटतो.

तपासा: परतताना दारे उलट्या दिशेने पुन्हा मोजा. बोळाच्या तोंडाशी असलेले दार हमखास सुटते.

## २. इमारत जोत्यापासून वर वाचा

आता कागदाकडे धावू नका. आधी इमारत स्वतः काय सांगते ते लिहून ठेवा. कागद पाहिल्यावर डोळा कागदाला हवे तेच बघू लागतो.

*जोते.* रस्त्यावरून उंबऱ्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि सर्वांत खालची अर्धी पायरी डांबरात गेली आहे का? गेली असेल तर रस्ता चढला आहे. शेजारच्या दाराशी ताडून पाहा. पेठेतली सर्वांत खोल गेलेली जोती बहुधा सर्वांत जुनी असतात. बहुधा एवढेच म्हणतो, कारण पूर येणाऱ्या पेठांत जोती मुद्दाम उंच बांधत.

*भिंत.* जांभ्याचा चिरा हाताने घडवलेला आहे की मशीनने कापलेला, हे गिलावा उडालेल्या जागी कळते. हाताच्या चिऱ्यावर टिकावाचे आखूड, तिरके, असमान घाव दिसतात. मशीनच्या चिऱ्यावर समांतर बारीक रेघा, बऱ्याचदा कमानीसारख्या वळलेल्या, आणि कडा धारदार. एकाच भिंतीत खाली हाताचा आणि वर मशीनचा चिरा असेल तर माडी नंतरची. दर्जेत, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यात, चुना आहे की सिमेंट तेही बघा. किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना सर्रास वापरत, त्यामुळे दर्जेत शिंपल्याचे पांढरे तुकडे सापडतात.

*दर्शनी बाजू.* इथे सर्वाधिक फसगत होते. रस्ता रुंदीकरणात पुढची पडवी कापली जाते आणि मागच्या भिंतीला नवे तोंड मिळते. मुंबई-गोवा महामार्गावरच्या गावांत हे अगदी अलीकडेही झाले. म्हणून समोरून पाहून निर्णय देऊ नका. परवानगी घेऊन आत जा आणि माजघर, मागची पडवी, विहिरीकडचे दार पाहा. जुने लाकूड तिथे टिकलेले असते.

जुने दुकान होते का, हे उंबऱ्यावरून ओळखता येते. उंबऱ्यात आणि वरच्या पाटाला आडवी खोबण असते; त्यात उभ्या फळ्या एकामागून एक सरकवून दुकान बंद करत. फळ्या शिल्लक असतील तर त्यांच्या आतल्या अंगाला छिन्नीने मारलेल्या रेघा पाहा: एक, दोन, तीन, पुढे फुल्या. फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून केलेली ती खूण. आज तिथे बैठकीची खोली असली तरी खोबण खोटे बोलत नाही. या खोबणीचा फोटो, लांबी आणि फळ्यांची संख्या नोंदवा. त्यावरून दुकानाची मूळ रुंदी मिळते आणि आजच्या दोन गाळ्यांचे मूळ एक होते का तेही कळते.

*छप्पर.* मंगलोरी कौलाच्या पोटावर कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, म्हणजे या कौलांचे मूळ छप्पर त्याआधीचे असू शकत नाही. त्यापूर्वी नळीची कुंभारी कौले किंवा गवताचे शाकार. पण छाप फक्त कौलाचे वय सांगतो. कौले फुटतात, बदलतात, पडक्या घराची उतरवून दुसऱ्यावर चढतात. उलट, पत्रा दिसला म्हणून घर नवे समजू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या कितीतरी जुन्या घरांवर पत्रे आले. वासे आणि तुळया जुन्या आहेत का ते खालून पाहा.

सावध: कुलूपबंद घराच्या माडीवर चढू नका. तक्तपोशी (माडीची फळ्यांची जमीन) वरून धड दिसते, आतून वाळवीने पोखरलेली असते. गिलावा खरवडायचा नाही, उडालेला असेल तिथेच पाहायचे.

## ३. कोरलेले साल नीट उतरवा

चौकटीवर, तुळशीवृंदावनावर, देवळाच्या घंटेवर, विहिरीच्या कठड्यावर साले असतात. जसे आहे तसे उतरवा, तिथल्या तिथे इसवी सन करू नका.

शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सर्वांना ठाऊक असते. माघ-फाल्गुनाच्या आणि पौषातल्याही बऱ्याच तिथींत १ जानेवारी उलटलेला असतो, तेव्हा ७९ मिळवायचे, हे विसरले जाते. शके १८२७, माघ शुद्ध पंचमी ही तिथी १९०६ ची आहे, १९०५ ची नव्हे.

आकडा झिजलेला असेल तर संवत्सराचे नाव शोधा. समजा 'शके १८_७' एवढेच वाचता येते आणि पुढे 'विश्वावसु' आहे. संवत्सरे साठ वर्षांनी फिरून येतात. विश्वावसु नाव शके १७६७, १८२७, १८८७ आणि १९४७ ला येते. तुमच्या झिजलेल्या आकड्यात बसतात फक्त १८२७ आणि १८८७. म्हणजे १९०५-०६ किंवा १९६५-६६. आता दुसऱ्या पायरीची नोंद काढा: दर्जेत चुना असेल तर बहुधा पहिले साल, सिमेंट असेल तर बहुधा दुसरे.

मोडी कागदांत सुहूर सन ही जुनी कालगणना आढळते. हा सन मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला, बदलतो: मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा.

सावध: कोरलेले साल बांधकामाचेच असते असे नाही, जीर्णोद्धाराचे, देणगीचे किंवा कुणाच्या स्मरणाचेही असते. अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आबोथ सिनेगॉग १८४८ चे, पण १९१० मध्ये ते पुन्हा बांधले गेले. अशा वेळी दोन्ही साले लिहा, एक गाळू नका.

## ४. कागद: आजच्यापासून मागे

थेट पेशवे दफ्तराचे स्वप्न घेऊन पुण्याला जाऊ नका. आजच्या कागदापासून एकेक पाऊल मागे जा, कारण प्रत्येक कागद त्याच्या आधीच्या कागदाचा क्रमांक सांगतो. मधली कडी सोडून जुना कागद मिळाला तरी तो तुमच्याच दाराचा आहे हे सिद्ध होत नाही.

*मालमत्ता पत्रक.* नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालेल्या गावात पेठेतल्या जागेचा सातबारा शोधत बसू नका. तो शेतजमिनीचा कागद. इथे लागते ते प्रॉपर्टी कार्ड, तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयातून. आधी नगर भूमापनाचा नकाशा मिळवा आणि तुमच्या डा-उ क्रमांकांपुढे नगर भूमापन क्रमांक लिहा. मगच कार्डे मागा.

कार्डावरची पहिली तारीख ही भूमापनाच्या चौकशीची तारीख असते. त्या दिवशी जागा कुणाकडे होती एवढेच ती सांगते. ती इमारतीचे साल म्हणून छापलेली मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे. शेजारच्या चार कार्डांवर तीच किंवा जवळची तारीख दिसली की लगेच लक्षात येते. त्या चौकशीचा तपशील 'चौकशी नोंदवही'त असतो; हक्क कशावरून मान्य केला, कुठले जुने खत दाखवले, हे तिथे सापडते. कार्डापेक्षा ही नोंदवही मोलाची. तिची नक्कल स्वतंत्र अर्ज करून मागा, आपणहून कुणी देत नाही.

नगर भूमापन झालेच नसेल तर गावठाणाच्या ड्रोन मोजणीतून सनदा निघाल्या आहेत का ते ग्रामपंचायतीत विचारा. ही मोजणी ज्या स्वामित्व योजनेत होते ती २०२० ची आहे, त्यामुळे त्या सनदेतून आजची हद्द मिळेल, इतिहास मिळणार नाही.

*घरपट्टी.* इमारतीच्या वयासाठी हा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित कागद. नगरपरिषदेत आकारणी दर चार वर्षांनी सुधारतात; ग्रामपंचायतीत नमुना ८ ही आकारणीची नोंदवही असते. जुन्या नोंदवह्यांत मालक, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार आणि रक्कम असते. एखाद्या दाराची रक्कम एका आकारणीत एकदम वाढली आणि शेजाऱ्यांची वाढली नाही, तर त्या चार वर्षांत तिथे बांधकाम झाले असे समजून पुढे शोध घ्या. घर क्रमांक मात्र प्रत्येक आकारणीत बदललेले असू शकतात, म्हणून नावे आणि शेजार जुळवत मागे जा.

*खते.* दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या खतांची सूची, पाहा. खरेदीखतातली चतु:सीमा शब्दश: उतरवा: 'पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस अमुक यांचे दुकान'. एका खताने चार दारांची माहिती मिळते.

*देवळे, मशिदी, वाचनालये.* नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परिशिष्ट १ वर मालमत्तेची नोंद असते; मशिदींसाठी वक्फ मंडळाकडेही पाहा.

*त्यामागचे कागद.* आता तुमचे गाव त्या काळी कुणाच्या अमलात होते ते ठरवा. मुरूड, श्रीवर्धन जंजिऱ्याच्या नबाबाकडे होते, सावंतवाडीचे स्वतंत्र संस्थान होते, आणि दोन्ही १९४८ मध्ये विलीन झाली. अलिबाग १८४० पर्यंत आंग्र्यांकडे. मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी, चिपळूण ब्रिटिश मुलखात. चुकीच्या दफ्तरात महिनाभर शोधण्यापेक्षा हा एक तास आधी द्या. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे मालवणचा जुना मजकूर 'रत्नागिरी'खाली मिळतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड १८८० चा, कुलाबा (आजचा रायगड)-जंजिरा खंड १८८३ चा. त्यात बंदरे, वस्ती, व्यापार मिळेल. तुमच्या डा-७ बद्दल काही मिळणार नाही.

मोडी कागद जाणकाराकडूनच वाचून घ्या. अंदाजाने लावलेले एक नाव साऱ्या वंशावळीची वाट लावते.

सावध: आजचे नाव घेऊन जुना कागद शोधू नका. राजापूरचा जवाहर चौक त्या नावाने एकोणिसाव्या शतकात कसा सापडेल? आधी जुनी नावे खतांच्या चतु:सीमेतून गोळा करा.

## ५. माणसे: साल विचारू नका, आधी-नंतर विचारा

'हे कधी बांधले?' या प्रश्नाला 'लय जुना' हेच उत्तर येते. त्याऐवजी सर्वांना आठवणाऱ्या खुणा वापरा. नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला. दुकानदाराच्या घरात ही खूण पक्की असते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली २६ जानेवारी १९९८ पासून. त्याखेरीज गावची खूण: मुंबईची बोट बंद झाली तेव्हा, वीज आली तेव्हा.

घरातल्या वयस्कर बायकांशी स्वतंत्र बोला. 'काकी, तुम्ही लग्न होऊन या घरात आलात तेव्हा माडी होती का? चूल कुठे होती? समोरच्या दारात कोण बसायचे?' लग्नाचे साल पक्के असते, म्हणून उत्तरही पक्क्या सालाला बांधले जाते. पुरुष बहुतेकदा घराण्याचा मोठेपणा सांगतात; भिंत कुठे पडली, न्हाणीघर कधी आत आले, हे बायका सांगतात. माहेरवाशिणींनाही गाठा, त्यांच्या आठवणीतले घर पुढच्या बदलांनी पुसलेले नसते.

सांगणारा ज्या बोलीत बोलतो त्या बोलीतच उतरवा. 'हयसर आमचा दुकान होता' हे तसेच राहू द्या. 'येथे आमच्या पूर्वजांची पेढी होती' असे तुम्ही सुधारलेत की साधे दुकान पेढी होऊन बसते आणि पुढचा लेखक तिचा सावकारवाडा करतो.

तपासा: एकाच घरातल्या दोघांनी सांगितलेली गोष्ट एकच साक्ष धरा. शेजाऱ्याने किंवा जुन्या भाडेकरूने सांगितले तर दुसरी साक्ष.

## ६. तीन रकाने जुळवा

प्रत्येक दाराच्या पानावर आता तीन रकाने आखा: जागा, इमारत, माणसे आणि धंदा. मिळालेली प्रत्येक तारीख यांपैकी एकाच रकान्यात जाईल. कार्डावरची तारीख जागेत. चिरा, चुना, घरपट्टीतली वाढ इमारतीत. वंशावळ, पाटी, मुलाखत माणसांत. एखादी तारीख कुठे टाकावी ते कळत नसेल तर ती मुळात कशाची तारीख आहे हेच कळलेले नाही. परत कागदाकडे जा.

मग प्रत्येक नोंदीपुढे 'पक्के', 'संभव' किंवा 'ऐकीव' लिहा. पक्के म्हणायला दोन वेगळ्या जातीच्या साक्षी हव्यात: एक कागद आणि एक इमारत, किंवा एक कागद आणि एक माणूस. तीन स्मरणिकांत एकच वाक्य असेल तर ती एकच साक्ष. दोघांनी पहिल्याचे उतरवलेले असते.

दोन शब्दांपासून विशेष जपा. 'शिवकालीन' आणि 'वखार'. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, राजापुरात इंग्रजांची होती. म्हणून पेठेतले प्रत्येक जाड भिंतींचे गोदाम परदेशी कंपनीचे होत नाही. कागद नसेल तर 'जुने गोदाम' लिहा. 'ऐकीव' शेऱ्यासह लोकांची समजूत जरूर नोंदवा. ती गाळणेही चूकच.

## ७. लिहिणे आणि दाखवणे

लेख दारांच्या क्रमाने लिहा. महत्त्वाच्या इमारतींपासून सुरुवात केली की देऊळ, वाडा आणि शाळा यांतच जागा संपते आणि तेल्याचे, कासाराचे, शिंप्याचे दार राहून जाते. पेठ त्या दारांनी बनलेली असते. मोठ्या वास्तूला जास्त ओळी द्या, पण तिच्या क्रमाने.

हिस्से, दावे, भाडेकरूंशी चाललेली भांडणे छापायची नाहीत. आजच्या मालकांची नावेही गरजेपुरतीच. छापण्याआधी प्रत्येक घराला त्याच्या दाराचा मजकूर वाचून दाखवा. दुरुस्ती सुचवली तर पुरावा विचारा. पुरावा नसेल तर ती 'ऐकीव' म्हणून नोंदवा, पण रागाने नाकारू नका. याच वेळी ट्रंकेतून खत निघते.

प्रती तीन ठेवा. एक गावच्या वाचनालयात, एक जिल्ह्याच्या ठिकाणी, एक संगणकावर गावाबाहेर. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २००५ आणि २०२१ च्या पुरात तिथल्या ग्रंथांची हानी झाली. खाडीकाठच्या पेठेची एकुलती एक वही खाडीकाठच्याच कपाटात ठेवू नका. मूळ कागद घरमालकाला त्याच आठवड्यात परत करा, फोटो काढून, आणि परत दिल्याची सही वहीत घ्या.

प्रत्येक दाराच्या पानामागे एक कोरे पान सोडून बांधणी करा. छापल्यानंतर मुंबईहून, पुण्याहून फोन येतील, जुने फोटो येतील. ते मूळ मजकुरात घुसडू नका. कोऱ्या पानावर तारीख आणि पाठवणाऱ्याचे नाते घालून लिहा, आणि पुढच्या आवृत्तीत सहाव्या पायरीच्या रकान्यांतूनच पुन्हा आत घ्या.